बर्फावरचे लोखंडी काटे

आश्विनात माझी पत्नी गेली. अस्थी गंगाखेडला गोदेत सोडल्या, पण चिमूटभर पुरचुंडीत बांधून मागे ठेवल्या. तिला केदारला जायचं होतं आणि दरवर्षी मी ते पुढच्या वर्षावर ढकललं होतं. ती पुरचुंडी अंगणातल्या लिंबाला टांगली. ती केदारच्या नदीत पडेपर्यंत पायात काही घालायचं नाही, असं मनाशी ठरवलं. जिंतूरच्या शाळेत मी अनवाणीच शिकवायला जाऊ लागलो. कुणी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

केदारच्या पंड्याला पत्र घातलं. त्यानं कळवलं की देवळाची दारं उघडतात तेव्हा, वैशाखात, वाटेवर बर्फ असतो. जमल्यास उशिरा या. पण शाळेला सुट्टी वैशाखातच. शाळेच्या कपाटात एका साहेबाचं डोंगर चढण्यावरचं पुस्तक होतं. त्यात बुटाखाली बांधायच्या लोखंडी काट्यांची चित्रं होती. क्रॅम्पॉन म्हणतात त्याला. ताठ तळव्याच्या बुटाला अखंड, दहा काट्यांचा. मऊ बुटाला मधे बिजागरीचा, कमी काट्यांचा. नवख्यानं आखूड काटे घ्यावेत, असंही लिहिलं होतं. मी बुटांच्या ओळी सोडून वाचलं. काटे जास्त तर पाय पक्का, असं समजून दहाचा जोड निवडला आणि चित्र उतरवून घेतलं.

बैलांना नाल मारणारे एक म्हातारे चाचा बाजाराच्या कडेला बसत. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे कोणत्या जनावराला, मास्तर?"

"मला. बर्फावर चालायचंय."

"बैलाला पाडायला चार माणसं लागतेत. तुमाला मी एकटाच धरीन म्हणा."

त्यांनी माझ्या उघड्या पायाचं माप घेतलं. मीही घेऊ दिलं.

माघात जोड तयार झाला. मोटेचं पाणी नुकतंच दिलेल्या गव्हाच्या बांधावर मी तो घालून पाहिला. आमच्याकडे घसरडं म्हणजे ओली काळी माती. चार पावलांत दहाही काट्यांमधे चिखल गच्च बसला आणि पायाखाली गोळा झाला. पाचव्या पावलाला मी पडलो. पट्ट्यानं घोट्याचं कातडं निघालं.

चाचांनी हात देऊन उठवलं. "काटे लय झाले. माती सुटायला जागाच न्हाई. आन् बूट कुठायत?"

मी नेम सांगितला. तोवर कुणालाच सांगितला नव्हता.

"बाईंनी सांगून ठिवलं व्हतं का?"

"नाही. माझं मीच."

ते बराच वेळ पट्टा सोडवत बसले. "पहाटं ऐरणीला हात लावून बघा, थंडीनं हाताला कसं धरतंय लोखंड. तिथं तर बर्फ. पाय गेले तर बाईंना वर कोण नेईल?"

घरी येऊन लिंबाखाली बसलो. बूट घालावेत तर नेम मोडतो; न घालावेत तर ती वाटेतच राहते. नेम माझा होता, केदार तिचा. एवढं कळायला मला संध्याकाळ लागली. तिच्यासाठी रोज काहीतरी सोसतोय, हेच एक सोबतीला उरलं होतं, म्हणून सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोच्याकडे जाऊन जाड मोज्यांवरून बुटांचं माप दिलं. ते मऊ तळव्याचेच होणार होते. बूट तयार झाल्यावर चाचांनी नवा जोड घडवला. बैलाच्या एका खुराला दोन नाल लागतात, तसे त्यांनी दोन तुकडे केले आणि मधे बिजागरी घातली. काटे सहाच, आखूड. त्याच बांधावर मी पुन्हा चाललो. चिखल बसला की काठीनं बुटाला टोला द्यायचा, तो गळून पडे. पडलो नाही.

"आता जमलं," चाचा म्हणाले.

जमलं होतं. पाय उबदार होते, घोटा दुखत नव्हता, आणि मला फार एकटं वाटत होतं. वैशाखात पूर्णा स्टेशनात गाडीत बसलो तेव्हा पुरचुंडी छातीशी होती आणि पायात बूट होते. ते मी काढले नाहीत.