डिग्रीच्या चौकटीचा शेवटचा काप

आमच्या तांड्यातला पहिला बी.ए. मी. हे मी लाजत सांगत नाही. बासष्टच्या सुमारास टपालानं डिग्री आली, तेव्हा बापानं आजोबांची मोडकी खाट उसवली आणि तिची सागवानी दांडी खांद्यावर टाकली. म्हणाला, "चाल, हिचीच चौकट करू." किडका भाग काढल्यावर एकच पट्टी निघाली, चौकटीला जेमतेम पुरेल एवढी. ती बिघडली तर दुसरी नव्हती.

पांढरकवड्याच्या ज्या आरा मशीनवर बाप ओंडके लोटायला जायचा, तिथंच आम्ही गेलो. मिस्त्री साठीकडं झुकलेले मुसलमान गृहस्थ. दहाही बोटं शाबूत, आणि त्या धंद्यात ही मोठी गोष्ट. मी म्हटलं, कोपरे मीच कापणार. खिशात कंपासपेटीतला कोनमापक होता.

"पंचेचाळीस अंश," मी म्हणालो.

"अंश बराबर हाये, बाबू," मिस्त्री म्हणाले. "काप संपल्यावर तुहा हात कुठी राहीन, ते सांग."

ही त्यांची रीत होती. तिरप्या कापाआधी इंजिनाचा पट्टा उतरवायचा, करवतीची चकती पुरती थांबू द्यायची, आणि लाकूड तिच्याजवळून एकदा नुसतंच सरकवून पाहायचं. याला ते मुका काप म्हणत. मग उजवा हात कुठं, डावा कुठं, ते मोठ्यानं सांगायचं. तिरपं धरलेलं लाकूड चकतीकडं घसरतं, म्हणून ते टेबलावर पुढं सरकणाऱ्या, कोन लावलेल्या सरकपट्टीला शिकंज्यानं आवळायचं आणि स्वतः एका बाजूला उभं राहायचं.

मला ते पोरकट वाटलं. मी पुटपुटलो.

"बी.ए. झाला म्हणून लाकूड तुले सलाम करन काय?" मिस्त्री हसले.

बाप म्हणाला, "सांग ना बा. मी बी रोज सांगतो."

सांगितलं. तीन बाजू अशा झाल्या. चौथ्या, लांब बाजूचा एकच काप उरला होता, तेवढ्यात फाटकाशी लाकडाची गाडी आली आणि मिस्त्री तिकडं गेले. जाताना म्हणाले, "थांब मी येतवरी."

मी थांबलो नाही. पुन्हा मोजण्याचा कंटाळा, म्हणून लांबी आपोआप बरोबर यावी असं डोकं चालवलं. टेबलावरची दुसरी पट्टी, जिच्या आधारानं लाकूड उभं चिरतात, ती जवळ ओढली आणि चौथ्या बाजूचं टोक तिला टेकवलं. पट्टा चढवला, लाकूड रेटलं. काप पुरा होताच कापलेली बाजू चकती आणि त्या पट्टीच्या मध्ये अडकली, दात तिच्यात घुसले आणि ती माझ्या बरगडीजवळून मागच्या टिनावर जाऊन आदळली. बाजूला उभं राहायचं तेवढं एक मिस्त्रीचं ऐकलं होतं.

बापानं पट्टा उतरवला. आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, मग टिनाखालची बाजू उचलली. टोक दोन बोटं फाटलं होतं.

मिस्त्री आले. रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं. म्हणाले, "दोन्ही लांब बाजू दोन दोन बोटं कमी करा लागन. चौकट होते. तुही डिग्री तीत मावत नाही."

"दुसरं लाकूड घे मग," बाप म्हणाला. "खाटेचं राहू दे. कागद मोठा हाये."

डिग्री मी सोबतच आणली होती. गुंडाळी सोडली. दोन्ही कडांना कोरी जागा होती, बोटभर बोटभर. ती मी अंगठ्यानं मागं मोडली, घडी पक्की बसेपर्यंत दाबली, आणि म्हणालो, "मावते."

मिस्त्रींनी चकतीकडं हात केला. मी मुका काप केला आणि सांगितलं, उजवा हात सरकपट्टीच्या मुठीवर, डावा पाठीमागं. बापानंही सांगितलं, त्याचं काही काम नसताना.

डिग्री अजून त्याच चौकटीत आहे. विद्यापीठाच्या नावाचं पहिलं अक्षर घडीत थोडं गेलं आहे.