कुंपणापलीकडचा चेंडू

आज लेकीचा चेंडू पुन्हा कुंपणापलीकडे गेला. दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चेंडू शेजारच्या वाढलेल्या गवतात तसाच पडून आहे. तो आणून देणारे आजोबा आता नाहीत.

तरुणपणी ते अमेरिकन फुटबॉल खेळायचे, तेही चांगल्या नावाजलेल्या संघात. मी इथे अमेरिकेत नवीन होते तेव्हा त्यांना भाबडेपणाने विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही गोल किती केलेत?"

ते खो खो हसले. "अगं, मी सामन्यात चेंडूला कधी हातसुद्धा लावला नाही. समोरच्याला अंगावर घ्यायचं आणि आपल्या माणसाला वाट करून द्यायची, एवढंच माझं काम." वाकडी झालेली बोटं त्यांनी कौतुकाने दाखवली. टाळ्या पडायच्या तेव्हा ते बहुतेक मातीत पालथे असायचे. आपला गडी चेंडू घेऊन पोचला, हे लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं.

मलाही इथवर वाट करून देणारी माणसं तिकडे मागेच राहिली. त्यांचा फोन आला की मी घाईत असते.

गेल्या उन्हाळ्यात हाच चेंडू घेऊन आजोबा कुंपणापाशी आले होते. दोन्ही हातांनी तो छातीशी धरून नुसतेच उभे राहिले. माझं दूध गॅसवर होतं. मी हात पुढे केला, आणि त्यांनी तो लगेच देऊन टाकला.

आत येऊन पाहिलं, तर दूध अजून कोमटही झालं नव्हतं.