सगळे पॉइंट बुद्धीत

पडद्यावरची नजर न हलवता तो डाव्या हाताचं एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "रुका काकू, मंत्र चालू आहे." माझ्या हातात डबा, डब्यात वरण निवून राहिलेलं, आणि हा पस्तिशी ओलांडलेला घोडा मला दारात उभी ठेवून कोण्या राक्षसावर आगीचे गोळे फेकत बसलेला. असे शूरवीर तुम्हीही पाहिले असतील. मी तर एक भाड्याने ठेवला होता.

कुडव्यात आमचं घर. खाली मी, वरच्या खोलीत तो भाडेकरू. दिवसा राईस मिलच्या ऑफिसात बसायचा, आणि संध्याकाळ न् आख्खा रविवार कॉम्प्युटरसमोर. आईबाप नव्हते, म्हणून जेवण माझ्याकडे आणि समजावणंही माझ्याकडे. जेवण तेवढं अंगी लागायचं.

त्या खेळात आपला माणूस आपणच घडवायचा असतो. याने घडवला जादूगर. राक्षस मारले की पॉइंट मिळतात. ते ताकदीत टाका, जीवात टाका, नाहीतर बुद्धीत. बुद्धी वाढली की मंत्राला जोर येतो, जीव वाढला की मार सोसतो. डबा ठेवता-ठेवता एवढं मलाही समजलं. या शहाण्याने सगळेच्या सगळे पॉइंट बुद्धीत टाकले. त्याचा एक गोळा पडला की डोंगर हलायचा, आणि मांजराएवढ्या भुताने पंजा मारला की जादूगर महाराज आडवे.

"काऊन रे मेला?"

"मेला नाही काकू, जागा चुकली."

दर वेळी जागाच चुकायची. नाहीतर लाइट गेली, नाहीतर माऊस खराब.

"थोडा जीव वाढव ना बापा त्याचा."

"तुमाले नाही समजत. जीव वाढवते ते तलवारवाले. अडाणी लोक. हे दिमागाचं काम आहे."

मिलमध्येही हमाल अडाणी, मालक अडाणी, हा एकटा दिमागवाला. धानाच्या पोत्याला उभ्या जन्मात हात लावला नाही, पण पोतं कसं उचलावं यावर भाषण द्यायचा. एकदा एक हमाल हसून म्हणाला, "साहेब, तुमीच उचलून दाखवा ना जी." झालं! दुसऱ्या दिवशी यांचं डोकं दुखून राहिलं आणि सुट्टी.

त्या खेळात त्याच्याजवळ एक निळा दगड होता. तो वापरला की खर्च केलेले सगळे पॉइंट परत हातात येतात आणि नव्याने वाटता येतात. आख्ख्या खेळात एकदाच मिळतो. याने कधीचा तो जपून ठेवलेला. "कधी वापरशील?" विचारलं, तर म्हणे, "चूक झाली तर." म्हणजे चूक अजून व्हायचीच होती!

असल्या माणसाचं लग्न जुळवायला निघाली मी. सौंदडची मुलगी, माझ्या जावेची भाची, शिकलेली, बोलकी. मुलीकडचे घर पाहायला येतात ही आपल्याकडची रीत. याला कुठलं घर? मग माझंच घर त्याचं म्हणून सारवून-पुसून दाखवलं. लाखोळीच्या डाळीचे वडे काढले. मुलीचे बाबा खाली बसले, मुलीला मी वर खोली दाखवायला नेलं. मागून तो आला.

तिने कॉम्प्युटर पाहिला. "जादूगर घेतला का तुमी? मी पण तोच खेळते, भावाच्या मशीनवर."

त्याचं तोंड असं उजळलं, की तसं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. त्याने तिला स्वतःची खुर्ची दिली. ज्या खुर्चीवर मला कधी टेकू दिलं नाही, ती. मी मनात म्हटलं, जुळलं बाई.

तेवढ्यात बाबांनी नोकरीचं विचारायला त्याला खाली बोलावलं. ती खेळू लागली. जादूगर मेला. पुन्हा मेला. ती खळखळून हसली. "काकू, हा तर एका फटक्यात मरते! जीवात काहीच नाही टाकलं यानं."

"हेच तर सांगून राहिली न मी!"

तिने निळा दगड वापरला आणि पॉइंट जीवात टाकले. तो वर आला तेव्हा राक्षस दणादण हाणत होता आणि जादूगर उभा होता. पहिल्यांदाच उभा.

"पाहा ना, आता टिकते," ती आनंदाने म्हणाली.

हा पांढरा पडला. "दगड वापरला?"

"हो. त्याच्याचसाठी असते ना तो."

"मले विचारलं काऊन नाही?"

विचारायला पाहिजे होतं, हे मलाही मान्य. तिने तर लगेच "माफ करा जी" म्हटलं. पण याने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाहुणे जाईपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. वडेसुद्धा खाल्ले नाहीत, मेल्याने.

मला वाटलं, संपलं. पण सौंदडहून फोन आला, मुलगी हो म्हणते. मग मुलगीच फोनवर म्हणाली, "रागीट नाही काकू, घाबरट आहे. चालते मले."

मी धापा टाकत वर गेले. हा नवा जादूगर घडवून राहिला होता. पुन्हा सगळे पॉइंट बुद्धीत. मी निरोप सांगितला, तसा तो पूर्ण वळला माझ्याकडे.

"खरंच हो म्हणते?"

"हो रे."

मागे पडद्यावर कोणी तरी त्याच्या जादूगराला मारून टाकलं. त्याला कळलंही नाही. मग मान हलवून म्हणाला, "नाही काकू. ती रोज माझी चूक काढल."

"काढू दे ना! मी नाही काढत?"

"तुमचं काय, तुमी खाली निघून जाता."

भित्रा आहेस, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. आजही म्हणते. सौंदडला नकार मलाच कळवावा लागला. मुलगी एवढंच बोलली, "बरं काकू. त्याले सांगा, नव्या जादूगराले दगड पुन्हा भेटते." मी सांगितलं. "माहीत आहे," म्हणाला.

पुढे रायपूरकडच्या कोण्या मिलमध्ये नोकरी धरून त्याने खोली सोडली. बाकीचं सामान आधीच गेलं होतं. कॉम्प्युटर तेवढा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून ऑटोत बसला. मी फाटकातून हात हलवला. त्याने पाहिलं. पण परत हलवायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.