गळका मिक्सर

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले, म्हणून सगळे त्यांना नळवाले काका म्हणत. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून कुणी कामासाठी हाक मारली, तरी ते दारापर्यंतही जात नसत.

एका सकाळी त्यांच्याच बाथरूममधला गरम-गार पाण्याचा मिक्सर गळायला लागला.

"प्लंबरला बोलावू का?" काकूंनी विचारलं.

"माझ्या घरी प्लंबर? लोक तोंडात शेण घालतील!"

"मग मी करते. तुम्ही नुसतं सांगा."

काका स्टुलावर बसले. काकूंनी मुख्य कॉक बंद केला, मिक्सरची मूठ काढली आणि पाना लावून जोर केला. पाना निसटला, बोटाची साल निघाली.

"राहू दे गं, तुझं काम नाही ते."

"इतकी वर्षं तुमची बडबड ऐकली, ती काय फुकट?"

काका हसले. उठून त्यांनी डाव्या हाताने पाना नटावर दाबून धरला आणि काकूंनी तो फिरवला. आतला वायसर पार झिजला होता. नवा घालून पाणी सोडलं, तर एक थेंबही गळेना.

काकांनी डाव्या हाताने मिक्सर दोनदा उघडून-बंद करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "शेजारच्या वहिनींचा नळही गळतोय. दोनदा येऊन गेल्या बिचाऱ्या."

"मग चला की!"

दुपारी दोघं गेली. तीन हातांनी अर्ध्या तासात काम उरकलं.