टंकबाईंचा एकेचाळिसावा अर्ज

वकीलसाहेबांनी कचेरीला कुलूप घातलं आणि तेवीस वर्षं त्यांचे दावे टाइप करणाऱ्या टंकबाई ऐन पन्नाशीत घरी बसल्या. बसल्या म्हणजे नावालाच. इंटरनेटवरून घरबसल्या कामं मिळतात हे कळलं, आणि बाईंनी कंबर कसली.

खालीच थोरल्या जाऊबाईंचं शिलाईचं दुकान. त्यांनी अट घातली, महिनाभरात एक तरी काम मिळव, नाहीतर माझ्याकडे काजं-बटणं करायला बस. आता टंकबाईंचं आणि सुईचं जन्माचं वाकडं. त्यांनी लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी स्वतःहून राजीनामा देतं. तेव्हा त्या इंटरनेटवरल्या कामाच्या जाहिरातींना जिवाच्या आकांतानं प्रस्ताव धाडू लागल्या.

प्रस्ताव कसला, कचेरीतला अर्जच तो. 'महोदय, मी खाली सही करणारी' इथून निघायचा, टायपिंगचं प्रमाणपत्र, साहेबांचं शिफारसपत्र, निर्व्यसनी स्वभाव असं सगळं फिरून दुसऱ्या पानावर 'आपली आज्ञाधारक'पाशी दमून थांबायचा. चाळीस जणांना चाळीस अर्ज, काना-मात्रेचाही फरक नाही. एकाला तर आपल्या कुत्र्याचं चित्र काढून हवं होतं. त्यालाही बाईंनी टायपिंगचा वेग कळवला. उत्तर एकाचंही नाही.

महिना भरायला तीन दिवस उरले तेव्हा तो मजकूर जाऊबाईंच्या हाती पडला. हसू असं फुटलं की तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेवाव्या लागल्या.

"अगं, गिऱ्हाईक आलं की मी त्याला माझी कुंडली वाचून दाखवते का?" त्या म्हणाल्या. "आधी त्याचं माप घेते. यात त्याचं माप कुठंय?"

टंकबाई चार तास फुगून बसल्या. जावेचं म्हणणं खरं निघणं पचायला जडच. मग उठल्या आणि पहिल्यांदाच एक जाहिरात शेवटपर्यंत वाचली. एका माणसाला म्हाताऱ्या मावशीच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी कागदावर उतरवून हव्या होत्या. मावशीला दात नाहीत, मध्येच पंखा घरघरतो, आधीच्या दोघांनी हात टेकले, असं त्यानं लिहिलं होतं. सोबत पाच मिनिटांचा नमुना. बाईंना त्याचं काय? साहेब उभा जन्म तोंडात पेन धरूनच मजकूर सांगत आले होते.

या वेळी अर्ज चार ओळींचा झाला. 'मावशींची पाचही मिनिटं लिहून सोबत जोडली आहेत. दोन शब्द पंख्यानं गिळले, तिथं खूण केली आहे. बाकीचं आठ दिवसांत देईन. मावशी मध्येच हसतात, ते लिहायचं की गाळायचं?' प्रमाणपत्र जोडायला हात शिवशिवत होता, पण जाऊबाईंनी मनगटच धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "हसणं आधी लिहा. काम तुमचं."

जाऊबाईंनी मशीन थांबवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला धाकटीचं कौतुक ऐकवलं, सैल झालेला सदरा घेऊन भांडायला आलेल्यालासुद्धा. टंकबाई वर कानाला हेडफोन लावून, मावशीनं नवऱ्याला पोहायला शिकवताना दोनदा कसा बुडवला ते ऐकत होत्या. हसू आवरेना म्हणून त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, डोळे पुसले, आणि तेवढंच पुन्हा पहिल्यापासून लावलं.