बिब्ब्याचे डाग

जानेवारीतलं धुकं अजून तुरीवरच होतं. केळापूरजवळच्या त्या वावरात सहा बाया वाकून विळ्यानं तूर सोंगत होत्या. हे काम दव असेतोच उरकायचं. ऊन चढलं की शेंगा तडकतात अन् दाणे मातीत जातात. रुखमाबाईची ओळ एरवी सगळ्यांच्या पुढं असायची. आज मागं राहिली होती.

"मावशे, इळ्याले धार नाही का हाताले?" लीलाबाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

रुखमाबाईला साठावं लागलं होतं. गावात ती दोन गोष्टींसाठी माहीत, सोंगणीचा हात अन् बिब्बा. तापानं झुरलेल्या लेकराचं पोट प्लीहा फुगून डाव्या अंगाला कडक लागलं की आया तिच्याकडं यायच्या. पानथरी वाढली, म्हणायच्या. ती बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची, तेल सुटलं की बरगडीखाली पाच डाग द्यायची. सासूनं शिकवलेलं. बदल्यात काही घ्यायची नाही, चहासुद्धा. गावातल्या निम्म्या बाप्यांच्या पोटावर तिच्या हातचे ठिपके होते. हापशीवर कोणी उघड्यानं आंघोळ करताना ते दिसले की तिला बरं वाटायचं.

तिच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत ममता राहायची. बिहारची. नवरा पांढरकवड्याकडं एका जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. दिवाळीनंतर ती गावाहून परतली तेव्हापासून तिच्या चार वर्षांच्या रंजिताला ताप होता. हातपायाच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं मोठं. ममताच्या गावात अशी दोन लेकरं गेली होती.

"चाची, ये काला आजार है. बड़े अस्पताल ले जाना पड़ेगा."

रुखमाबाई हसली होती. "आजारालेबी रंग असते काय वो? उद्या हिरवा सांगशीन! पानथरी हाये हे. तुया गावचा आजार इकडं येत नाही. म्या हावो न."

ममता नको नको म्हणत होती. रुखमाबाईनं तिच्या मांडीवरून पोर ओढून घेतली अन् पाच डाग दिले. ताप हटला नाही म्हणून आठवड्यानं आणखी पाच, पहिल्यांना लागून. डाग चिघळले. तीन आठवडे असेच गेले. मग आशाताई दिपालीनं पोरीला दारात पाहिलं, त्याच दिवशी गाडी बोलावली अन् यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत म्हणून रुखमाबाईही बसली.

डॉक्टरीणबाईंनी ममताला गाव विचारलं, पोरीच्या बोटातलं रक्त पट्टीवर घेतलं. आजार तोच निघाला, ममतानं सांगितलेला. बारीक माशी चावून होणारा, पानथरी फुगवणारा, औषध नाही मिळालं तर जीव घेणारा. मग त्यांनी पोरीचा झगा वर केला.

"हे कोणी केलं?"

रुखमाबाई खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. ममतानं एकदा तिच्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

"हमने."

डॉक्टरीणबाई बोलल्या, सगळा वॉर्ड ऐकत होता. आई आहेस की कोण, म्हणाल्या. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवलं. रुखमाबाई पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर निघाली अन् नळापाशी नुसती उभी राहिली. परतली तेव्हा बोलणं संपलं होतं. ममता भिंतीकडं तोंड करून रडत होती.

औषध नागपूरहून आलं, सलाईनमधून चढवलं. आठ दिवसांनी पोर भाकर मागायला लागली. ममता तिला घेऊन त्याच टिनाच्या खोलीत परतली. दवाखान्यातलं बोलणं गावात तिच्या आधीच पोचलं होतं. खोली हातची जाईल म्हणून खोटं बोलली, की म्हातारीची कीव आली, हे विचारायची रुखमाबाईची छाती झाली नाही. दोन्हीतलं काहीही असलं तरी शरम तेवढीच होती.

"ते बिहारवाली कशी माय असन वो?" धुऱ्याच्या बांधाकडच्या ओळीतून बिजलीबाई म्हणाली. "पोटच्या पोरीले जाळलं."

"मावशीची विद्या चोरली तिनं," लीलाबाई म्हणाली. "घरामागं राहून पाह्यलं असन. अर्धवट शिकली. मावशीचा हात असता तं पोर कवाच उठली असती."

रुखमाबाईचा विळा थांबला.

"अन् मावशे, आयक न. माया सुरभीच्या पोरीले चार दिस झाले, ताप हटून नाही राह्यला. पोटबी कडक लागते. संध्याकाळी आणतो तुयाकडं."

"नोको आणू."

"काहून?"

"दवाखान्यात ने. आजच ने." रुखमाबाई ताठ झाली. कमरेत कळ आली तरी वाकली नाही. "त्या पोरीले डाग म्या देल्ते. दोनदा. तिची माय नोको म्हणे, म्या आयकलं नाही."

"पण तिनं तं सोतानं सांगतलं, दवाखान्यात..."

"खोटं सांगतलं. म्या तिथंच उभी होती. उभीच राह्यली."

बायांचे हात थांबले. लीलाबाईनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"पंधरा दिस झाले आम्ही तिले नावं ठेवून राह्यलो. तू आयकत होती?"

"आयकत होती."

"मंग तोंड कायले शिवलं होतं वो?"

लीलाबाईनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला अन् धुऱ्याकडं चालू लागली. "सुरभे, दिपालीले बोलाव घरी. हो, आत्ताच. नाही, मावशीकडं नाही नेत." तिचा आवाज धुक्यातून बराच वेळ येत राहिला.

बाकीच्या वाकल्या. कोणी हसलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. बिजलीबाई दोन ओळी सोडून पलीकडं सरकली. रुखमाबाईला ममतासमोर उभं राहायचं अजून बाकीच होतं, अन् तिथं तर हिंदीत बोलावं लागणार होतं.

धुकं विरळ झालं. ऊन यायच्या आत सोंगणी व्हायला हवी होती. रुखमाबाईनं डाव्या मुठीत तुरीचं बूड धरलं, विळा लावला, झाड कापून मागं ठेवलं, अन् पुढच्या झाडाला हात घातला.