काकी प्यायली नव्हती

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकीवर. गेल्या डिसेंबरात, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आरे-वारेच्या चढावर, पाण्याच्या टेबलासमोर. केला मी. नंतर त्यात बरेच जण सामील झाले, पण सुरुवात माझी आहे म्हणून आधी माझंच सांगते.

आमची व्यसनमुक्तीची समिती दर हिवाळ्यात पन्नास किलोमीटरची दौड घेते. रत्नागिरीतून पहाटे निघायचं, समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळे, पुढे मालगुंड, आणि त्याच रस्त्याने परत. मी कॉलेजात असल्यापासून समितीची पत्रकं लिहिते. त्यातलं सगळ्यात खपलेलं पत्रक माझं. घरातला माणूस प्यायलाय हे कसं ओळखावं, त्याच्या चार खुणा त्यात आहेत. पाय लटपटतात. जीभ जड होते. कारण नसताना अंगावर येतो. तोंडाला वास येतो. हे पत्रक शाळाशाळांत वाटलं गेलंय, एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटलंय. मला त्याचा अभिमान होता.

काकी मासळी विकते. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन वाडीवाडीत जायची, आणि ऊन चढायच्या आत मासळी संपवायची म्हणून चालायची नाही, पळायचीच. आता टेम्पो येतो, काकी बाजारात एका जागी बसते, पण पायांना ती सवय राहिली. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत, मुलीची ट्रॅकपँट घालून पळते. काका दारूने गेले. त्या वर्षी खाडीपलीकडचा गावठीचा अड्डा बंद पाडायला बायकांचा मोर्चा गेला, त्यात काकी पुढे होती. मी तेव्हा शाळेत होते. मी या कामात आले ती तिला बघून.

आता त्या रविवारचं. आदल्या दिवशी संकष्टी. काकीची संकष्टी कडक. फराळ नाही, केळं नाही, दिवसभर कोरा चहा. पंचांगातली वेळ उलटली की बाकीचे जेवतात, काकी चंद्र डोळ्यांनी बघते मगच जेवते. त्या रात्री समुद्रावर ढग होते. चंद्र दिसला नाही. काकी तशीच झोपली. दौड गणपतीपुळ्यावरूनच जाणार आहे, तिथे दर्शन घ्यायचं, प्रसादाने उपास सोडायचा आणि पुढे पळायचं, असा तिचा हिशेब. चुकीचा होता, पण कुणाचाही झाला असता. आमच्याकडे पळणाऱ्या निम्म्या बायका उपासाला पळतात आणि वर सांगतात, कसं हलकं वाटतं.

गणपतीपुळ्याला आमच्या स्वयंसेवकांनी तिला रस्त्यातच अडवलं. "काकी, वेळ संपत आली. आधी पळा, दर्शन मागनं." तिने रस्त्यावरूनच हात जोडले आणि वळली. प्रसाद मिळाला नाही म्हणजे उपास सुटला नाही. पुढे पाण्याच्या प्रत्येक टेबलावर तिला केळी दिली, बिस्किटं दिली, ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. ती एकच बोलत होती, "उपास हाय." नुसतं पाणी पीत राहिली. शुक्रवारी रात्री जेवलेली बाई रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी, सदतीस किलोमीटर पळून, आरे-वारेच्या चढावर मी सांभाळत होते त्या टेबलासमोर आली.

ती सरळ येत नव्हती. उजव्या कठड्याकडे जायची, परत मध्ये यायची. मी हात धरला तर झटकला. "सोड. कोण गो तू?" मी! जिला तिने लहानपणी कडेवर घेऊन बंदरावर फिरवलं. शब्द तोंडात अडकत होते. आणि ती जवळ आली तेव्हा वास आला. काजूच्या झाडाखाली बोंडू सडून पडतात ना, तसा गोडसर, आणि त्यात नेलपॉलिश पुसायच्या औषधाची धार.

चारही खुणा. माझ्याच पत्रकातल्या, एकूण एक.

मी तिच्या छातीवरचा नंबर काढून घेतला आणि आमच्या अध्यक्षांना फोन केला. ते निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मी म्हटलं, "सर, काकी पिऊन पळतेय. वास येतोय." मला एवढाही प्रश्न पडला नाही की या बाईने ती प्यायली कुठे? पाठीवर पिशवी नाही, वाटेत दुकान नाही, पहाटेपासून आमच्याच माणसांच्या नजरेसमोर. नाही पडला. माझ्याकडे पत्रक होतं ना.

काकीला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, त्यातून साखर गेली, आणि ती थोड्याच वेळात उठून बसली आणि विचारलं, "माझा नंबर काय झाला?" दारू अशी उतरते का? हाही प्रश्न कुणाला पडला नाही. तोवर इकडे बक्षीस समारंभात सरांनी माईकवरून सांगितलं की एका स्पर्धक महिलेने मद्यपान करून दौडीला काळिमा फासला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पन्नास किलोमीटरला नाव दिलेली मासळीवाली अख्ख्या रत्नागिरीत एकच.

चार दिवसांनी मी बाजारात पत्रकं वाटायला गेले. गिऱ्हाईक एक सुरमई उलटीपालटी करत होतं आणि म्हणत होतं, "काय काकी, आज सकाळची क्वार्टर झाली काय?" आजूबाजूचे फिदीफिदी. शेजारची कोळंबीवाली पदर तोंडाला लावून हसत होती. काकी गिऱ्हाइकाला म्हणाली, "झाली ना, तुझ्या बापाबरोबर बसलेली." मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने सुरी खाली ठेवली.

"इकडं ये गो बाय. वास घे."

"काकी, असं काय…"

"नाय, घे. रोज येऊन घे. तू हुकमी वास घेतेस असं ऐकलंय."

सगळे बघत होते. मी वाकले. मिश्रीचा वास होता. मग तिने पिशवीतून एक कागद काढला. दवाखान्यात रक्त तपासलं होतं त्याचा रिपोर्ट. "मला नाय वाचता येत यातलं. सर म्हणाले, यात लिव्हर खराब दिसतंय, म्हणजे जुनी सवय असणार. तू शिकलेली हायस. वाच आणि मला सांग मी कधीपासून पितेय. मलाच म्हायती नाय."

मी रिपोर्ट घेतला. एसजीओटी, लिव्हरच्या तपासणीत बघतात तो आकडा, खूप वाढलेला. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपण चुकलो नाही, असं वाटलं. त्याच खुशीत मी आमच्या पत्रकांतली औषधांची माहिती तपासून देणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले, शिक्का मारून घ्यायला.

त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "ही किती पळाली होती?"

"सदतीस."

"आणि जेवली कधी होती?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "साखर मोजलीत तिथे? बोटाला टोचून?"

"नाही."

"नाकाने मोजलीत."

मग त्यांनी मला समजावलं. इतकं साधं होतं की राग आला. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. छोटा साठा. एक दिवसाच्या उपासात यकृतातला बराचसा संपतो. वर दोन-तीन तास पळालं की स्नायूंतलाही तळाला जातो. मग शरीर चरबी जाळायला काढतं. चरबी शरीरात भरपूर, पण ती सावकाश जळते, आणि मेंदूला ती सरळ चालत नाही. म्हणून यकृत त्या चरबीपासून कीटोन बनवतं, मेंदू थोडाफार त्यावर भागवतो. त्यातलाच एक भाग अॅसिटोन होऊन श्वासातून बाहेर पडतो. अॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश पुसतात तेच. रक्तातली साखर फार उतरली की मेंदू कुरकुरतो. पाय लटपटतात, जीभ जड होते, माणूस चिडतो, ओळखीचा चेहरा ओळखत नाही. "तुझ्या चारही खुणा," डॉक्टर म्हणाल्या, "उपाशी पळणाऱ्याच्या आहेत. साखरेची गोळी घेणाऱ्या मधुमेह्याच्याही, वास सोडला तर. अशा किती जणांना दारुडा ठरवलंस?"

"आणि लिव्हर?"

"एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये असतं असं कुणी सांगितलं? स्नायूत पण असतं. आरे-वारेचे उतार उतरताना मांड्यांचे तंतू तुटतात, त्यातलं सगळं रक्तात येतं. हे बघ, खाली सीपीके लिहिलंय, ते त्याहून कितीतरी पट वाढलंय. ते स्नायूचंच. आणि नेहमी पिणाऱ्याचं जे बहुतेक वाढतं ते जीजीटी, ते हिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. पंधरा दिवस विश्रांती घेऊ दे, परत तपासा."

पंधरा दिवसांनी परत तपासलं. सगळं जागेवर.

मी दोन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. सरांनी वाचले, घडी घालून परत दिले. "अगं, डॉक्टर सांगतात ते असेल. पण वास तू स्वतः घेतला होतास. तूच फोन केला होतास." बरोबर होतं. माझ्याच साक्षीवर उभा राहिलेला निर्णय मला पाडता येईना. मग मी ठरवलं की त्यांना वास द्यायचा. माझा. मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही, हे सर शपथेवर सांगतील.

फेब्रुवारीतली संकष्टी मी धरली, काकीसारखी कडक. सदतीस मला झेपणार नव्हते. काकीने महिनाभर भाट्याच्या वाळूत मला शिव्या देत देत पळवून पंचवीसपर्यंत आणलं होतं. "मासळी पण तुझ्यापेक्षा लांब उडी मारते गो, टोपलीत पडल्यावर." डॉक्टरांना कळलं तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या आणि मग साखर मोजायचं यंत्र घेऊन स्वतः स्कूटरवरून मागे आल्या. मी रात्री जेवले नाही. काकी मात्र या खेपेला चंद्र बघून पोटभर जेवली, सकाळी मीठ घातलेली पेज प्यायली आणि खिशात गूळ घेऊन निघाली. रत्नागिरीतून निघून नेवरे गावापर्यंत जाऊन आरे-वारेच्या त्याच चढावर परत यायचं. तिथे सरांना बोलावलं होतं.

शेवटचे पाच किलोमीटर मला नीट आठवत नाहीत. काकी म्हणते, मी तिला दोनदा "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारलं आणि एकदा रस्त्याला शिवी दिली. चढावर सर छत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन श्वास सोडला.

सर मागे सरकले. "अगं, तू…" आणि थांबले.

"आता हिचा घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

काकी पुढे झाली. तीही तेवढीच पळाली होती, नुसती घामाने भिजली होती. सरांनी चेहरा वळवत वळवत वास घेतला. "कसलाच नाही. पेजेचा असेल." डॉक्टरांनी माझ्या बोटाला टोचलं आणि यंत्र सरांना दाखवलं. मग काकीने माझ्या तोंडात गूळ कोंबला आणि मला कठड्यावर बसवलं. दहा-पंधरा मिनिटांत मला सगळे ओळखू आले.

सरांनी सगळं बघितलं. मान्य केलं, तिथे, रस्त्यावर. पण समितीच्या बैठकीत ते म्हणाले की जाहीर केलेला निर्णय मागे घेतला तर लोकांना चुकीचा संदेश जाईल, पिणारे उद्या म्हणतील, आम्हीही उपाशी होतो. वा! म्हणजे खोटं ठेवायचं, कारण ते सोयीचं आहे. मी बैठकीतच म्हटलं, सर, ही आपली समिती दारूविरुद्ध आहे की बाईविरुद्ध? सरांनी पुढचा विषय घेतला. या वर्षीच्या दौडीचे अर्ज निघाले, त्यात छापलंय की गेल्या वर्षी अपात्र ठरलेल्यांना प्रवेश नाही. गेल्या वर्षी अपात्र ठरलेली एकच आहे.

चार खुणांचं पत्रक मी मागे घेतलं. भिंतीवरचे कागद मी स्वतः ओले करून खरवडले. नव्या पत्रकात पहिली ओळ अशी आहे: लटपटणारा माणूस दिसला तर आधी त्याला बसवा आणि साखर मोजा, यंत्र नसेल आणि त्याला गिळता येत असेल तर गोड द्या, नसेल तर थेट दवाखाना. समितीने छापायला नकार दिला, मी झेरॉक्स काढून वाटते. काकी भाट्याला रोज पळते. तिला पन्नास पुरे करायचे आहेत, त्याच रस्त्यावर, छातीवर नंबर लावून. एवढंच हवंय तिला. ते द्यायला मी एकटी पुरत नाही, कारण ही गोष्ट आता समितीची राहिलेली नाही. ती तुमच्याकडे आहे. तुम्ही ती ऐकलीत, हसलात, आणि कुणाला तरी सांगितलीत. चहाच्या टपरीवर, लग्नात, फोनवर.

तर आता हे वाचून झाल्यावर उठा. ज्याला ज्याला तुम्ही सांगितलं होतंत त्याच्याकडे जा आणि तितक्याच मोठ्याने सांगा की ती प्यायली नव्हती, उपाशी होती. मग समितीच्या दारात या आणि तिचा अर्ज घ्या म्हणून सही करा. आज.